पाटाकाठच्या गावातून

ओयान्तायताम्बो, पेरू
जून

ती. आप्पांस,


कुस्कोहून इथे उतरल्यावर जीव भांड्यात पडला. कुस्को ३,४०० मीटरवर. तिथे एक जिना चढला तरी धाप लागायची. हे गाव उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात, २,८०० मीटरच्या आसपास आहे. भूक लागतेय, झोप लागतेय. आईला एवढं आधी सांगा, बाकीचं सावकाश वाचा.

बहुतेक पर्यटक या गावात येतात ते माचू पिच्चूची रेल्वे पकडायला. दुपारी बसमधून उतरायचं, डोंगरावरचे इंकांचे अवशेष बघायचे आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे जायचं. मला गावच बघायचं होतं म्हणून मी मुक्काम ठोकला. घरापर्यंत यायला रिक्षा केली, तर ती निघाली बजाजची! इथे तिला ‘तोरितो’ म्हणजे छोटा बैल म्हणतात. कुठे बजाजची आकुर्डी आणि कुठे हे खोरं. चालवणारा पोरगा मात्र ही गाडी पेरूचीच आहे असं ठासून सांगत होता. मीही वाद घातला नाही.

तुमच्या आवडीचा विषय आधी घेते. गावाचा जुना भाग इंकांनी पंधराव्या शतकात आखला. चार लांब गल्ल्या आणि त्यांना छेदणाऱ्या सात आडव्या. गल्लीच्या कडेने दगडी पाट आहेत आणि ते आजही वाहते आहेत. पाताकांचा नावाची छोटी नदी उत्तरेच्या डोंगरातून येऊन गावाशेजारून उरुबाम्बेला मिळते, तिचं हे पाणी. दिवसा चौकातल्या बस आणि ट्रक यांच्या गोंगाटात ते ऐकू येत नाही. मोठा रस्ता गावाच्या चौकातूनच जातो आणि इंकांच्या फरसबंदीवरून अवजड गाड्या खडखडत असतात. ते बघून माझ्याच पोटात गोळा येतो, पण गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही.

मी राहते ते घर म्हणजे एक ‘कांचा’. गल्लीत उघडणारं एकच दार, खाली रुंद आणि वर निमुळतं, डोक्यावर एकसंध दगडाची तुळई. आत चौक, चौकाभोवती एकखणी खोल्या. चौकात प्लॅस्टिकच्या टोपल्या, वाळत घातलेले कपडे आणि मक्याची कणसं. काढणी नुकतीच झालीय. इथल्या पांढऱ्या मक्याचा एकेक दाणा अंगठ्याच्या नखाएवढा असतो. उकडलेलं कणीस आणि चीजचा जाड तुकडा हे रस्त्यावरचं खाणं, आणि माझं रोजचं दुपारचं जेवण. स्वयंपाकघरात चुलीपाशी गिनीपिग लसूणघास कुरतडत फिरत असतात. ते का पाळलेत हे आईला सांगू नका. भिंतीतल्या एका कोनाड्यात पूर्वजाची कवटी आहे, समोर मेणबत्ती आणि कोकाची पानं. ती घर राखते, असं घरमालकीणबाई मीठमिरची न लावता सांगतात.

पाण्याची व्यवस्था कशी चालते, हे तुमच्या वतीने मी खोदून खोदून विचारलं. पाट साफ करायचा दिवस ठरतो, त्याला ‘फाएना’ म्हणतात. घरटी एक माणूस फावडं घेऊन जातो. जो जात नाही, तो दंड भरतो. काम झालं की चिचा, म्हणजे मक्याची बीअर, पितात. साक्रीला असताना पांझरा नदीवरच्या फड पद्धतीबद्दल तुम्ही सांगायचात ते सगळं आठवलं: बंधारा सगळ्यांचा, पाटकऱ्याचा शब्द शेवटचा आणि टोकाच्या शेताचं पाणी तोडणाऱ्याची गावात छीथू. घरमालकीणबाईंना मी फडाबद्दल सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, “पाटकऱ्याला धान्य देता की पैसे?” उत्तर लिहून कळवा, मी त्यांना शब्द दिलाय.

तुमची
शमा

---

ती. आप्पा,

आज किल्ला बघितला. किल्ला म्हणतात, पण मुळात ते देवस्थान. लढाई नंतर झाली. डोंगराच्या अंगावर दगडी मजगी एकावर एक चढत जाते आणि अगदी वर गुलाबी दगडाच्या सहा शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्यातल्या मोठ्या शिळा ५० टनांच्या घरातल्या. दोन शिळांमध्ये दगडाचीच पातळ पट्टी बसवलेली. हा दगड या डोंगरावरचा नव्हे. तो नदीपल्याडच्या काचिकाता खाणीतला, म्हणजे तिकडच्या डोंगरावरून खाली, नदी ओलांडून, मग पुन्हा चढण, आणि हे सगळं चाकाशिवाय. बर्कलीचे वास्तुशास्त्रज्ञ जाँ-पिएर प्रोत्सेन यांनी इथे येऊन दगडाने दगड घडवून पाहिला आणि १९९३ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. परग्रहावरून कोणी आलं होतं म्हणणाऱ्यांना मी ते पुस्तक फेकून मारलं असतं, पण ते हाताशी नव्हतं. वाटेत सोडून दिलेले दगड अजून तसेच पडलेत. लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात.

आता तुमच्या पाण्याच्या खात्याचा विजय ऐका. १५३७ मध्ये इंकांचा राजा मांको इथे ठाण मांडून होता आणि स्पॅनिश सरदार हेर्नांदो पिसारो घोडदळ घेऊन चालून आला. वरून बाण आणि गोफणगुंडे तर होतेच, पण मांकोने कालव्यांचं पाणी खालच्या मैदानावर सोडलं. घोडे चिखलात रुतले आणि स्पॅनिश रातोरात मागे फिरले. पुढे कुमक येणार हे ओळखून मांको विल्काबाम्बाच्या जंगलात निघून गेला. गाइड लोक विजय रंगवून सांगतात आणि हे शेवटचं वाक्य गिळून टाकतात.

शमा

---

ती. आप्पा आणि आई,

हे पत्र दोघांना. काल वरच्या पाताकांचा गावाला जाऊन आले. रस्त्याला विल्योक लागतं. तिथले पुरुष लाल पोंचो घालतात, बायकांच्या डोक्यावर झालरीची चपटी टोपी. हा वेष फक्त फोटोपुरता असेल अशी मला शंका होती. पण बटाट्याच्या शेतात वाकलेल्या बाईच्या डोक्यावरही तीच टोपी होती आणि तिचा फोटो काढायला आसपास कोणी नव्हतं.

रंगकामाचं प्रात्यक्षिक मात्र पाठ केलेलं असतं. निवडुंगावरचा राखी, पिठूळ किडा तळहातावर चिरडला की हात रक्तासारखा लाल. त्यावर लिंबू पिळलं की नारिंगी, क्षार टाकला की जांभळा. मग ओठांना लावून चुंबनांवरचा एक विनोद, जो याआधी दुसऱ्या गावातही ऐकला होता. हसायची पाळी असते, हसायचं.

बाकीचे पर्यटक गेल्यावर मी बसून राहिले. तिथल्या एका बाईने मागाचं एक टोक जमिनीतल्या खुंटीला बांधलं होतं, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. ताण हवा तेव्हा ती मागे रेलायची, सैल हवा तेव्हा पुढे झुकायची. नक्षीचा कागद नाही. बोटांनी ताणे मोजून उचलायचे, केचुआ भाषेत पुटपुटत; मग लामाच्या टोकदार हाडाने बाणा ठोकून बसवायचा. पंजाएवढं कापड व्हायला सकाळ गेली. मध्येच फोन वाजला. तिने मान वाकडी करून तो खांद्यात धरला, बोलणं झालं, आणि बोटं काही थांबली नाहीत. शेजारी तिची मुलगी बसली होती. आईशी ती केचुआ बोलत होती, माझ्याशी स्पॅनिश. केचुआला इथे १९७५ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला आणि २०१७ च्या जनगणनेत ३७ लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. पण शाळेत वाढायचं ते स्पॅनिशमध्येच, असं मुलगी सांगत होती आणि तिची आई मान हलवत होती. होकारार्थी की वैतागून, ते मला कळलं नाही.

खाली बाजारात ‘अल्पाकाची लोकर’ म्हणून जे ढिगाने विकलं जातं, त्यात पुष्कळसं कृत्रिम धाग्याचं, यंत्रावरचं. किंमत हातविणीच्या एक पंचमांश. पर्यटकाला दोन्ही सारखंच दिसतं आणि तो घासाघीस करतो ती नेमकी हाताने विणणारीशी. मी त्या मागावरच्या बाईकडून एक पट्टा घेतला, सांगितल्या किमतीला. आई रागावेल, पण मागावर बसून बघ म्हणावं.

आई, आषाढीच्या उपासाचं विचारलंस. गंमत अशी की तुझी साबुदाण्याची खिचडी जवळजवळ सगळी याच खंडातली आहे: साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं अमेरिकेतून निघून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे पोचलं. साबुदाणा मला इथे दिसला नाही, पण बटाटे पिवळे, जांभळे, वेडेवाकडे, हवे तेवढे. याच दिवसांत वरच्या गावांत ते रात्रीच्या हिमात गोठवतात, दिवसा पायाने तुडवून पाणी काढतात आणि वाळवून ‘चुन्यो’ करतात, जो वर्षानुवर्षं टिकतो. एक पिशवी आणतेय. तुडवलेला बटाटा उपासाला चालतो का, ते तेवढं ठरवून ठेव.

शमा