दिवसाउजेडी लागलेले लग्न



एरवी माझी तुमची गाठ पडते ती बियाणे, खते नाहीतर कीड यांच्या निमित्ताने. कृषी खात्यात विस्ताराचे काम करता करता तीस वर्षे होत आली. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटचे, मेळाव्यांचे फोटो काढावे लागतात, म्हणून कॅमेरा हाताला बसलेला. आज मात्र पिकाचे नव्हे, एका लग्नाचे सांगणार आहे. नवरदेव म्हणजे जामखेडच्या शाळेपासूनचा माझा मित्र. वय बावन्न. ज्वारी-उडदाची कोरडवाहू शेती, घरात म्हातारी आई, मुलगा पुण्याला नोकरीला. बायको २०२१ च्या कोरोनात गेली. नवरी शेजारच्या आष्टी तालुक्यातली, तीही विधवा, पदरी सातवीतली मुलगी. सुपारी फुटली तेव्हापासून अक्षता पडेपर्यंतचे सगळे फोटो मी काढले.

सुपारीच्या दिवशीच एक वडीलधारे म्हणाले, "बिजवराचं लग्न, त्यात फोटो कशाला? देवळात चार माणसांत हार घाला अन् मोकळे व्हा." कुणी काही बोलेना. मित्र शांतपणे म्हणाला, "तात्या, आम्ही चोरी थोडीच करतोय?" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काढ रे तू."

वडीलधाऱ्यांचे बोलणे दुष्टपणाचे नव्हते, जुन्या चालीचे होते. आपल्या शेतकरी समाजात विधवेचे दुसरे लग्न पूर्वीही होत असे. त्याला पाट म्हणत, कुठे मोहतूर म्हणत. पण तो लागायचा रात्री. मांडव नाही, वाजंत्री नाही. नव्या जोडप्याचे तोंड उजाडायच्या आत कुणी पाहू नये, अशीही समजूत होती. म्हणजे संसार करायला मोकळीक होती, मान मात्र नव्हता. ज्या जातींत पाटाची चालच नव्हती तिथे तर मोकळीकही नव्हती. कायद्याने विधवाविवाहाला १८५६ सालीच मान्यता दिली. तरी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी लग्न केले तेव्हा मुरुड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा लवकर येतो, गावाचे मन मागून येते.

साखरपुडा नवरीच्या भावाच्या घरी झाला. रात्री मी आणि मित्र ओट्यावर बसून तोवरचे फोटो पाहत होतो. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. मित्राची आई दोन्ही कार्यक्रमांना होती, पहाटेपासून राबत होती, पण एकाही फोटोत तिचा चेहरा नव्हता. एका फोटोत दारातून ताट पुढे करणारा हात. दुसऱ्यात उंबऱ्याआड पदराचे टोक. मित्राचे वडील जाऊन अठरा वर्षे झाली. तेव्हापासून शुभकार्यात पुढे यायचे नाही हे तिने स्वतःच ठरवून टाकलेले. मी कॅमेरा वळवला की ती बाजूला होई. म्हणे, "माझा काय काढतोस बाळा, सवाष्णींचा काढ."

मित्र बराच वेळ त्या फोटोतल्या हाताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "विधवेशी लग्न करतोय म्हणून गाव मला सुधारक म्हणतं. आणि आई माझ्याच घरात दाराआड?"

हळदीच्या दिवशी आयाबाया जमल्या. जात्यावर हळद दळून झाली. मित्र पाटावर बसला आणि म्हणाला, "पहिली हळद आई लावील." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. आतूनच म्हणाली, "नको रे. तुझं चांगलं व्हायचंय. माझ्या हाताचं काही लागायला नको." मला वाटले, आता हे इथेच राहणार. तेवढ्यात शेजारची एक सवाष्ण उठली, आत गेली आणि म्हातारीचा हात धरून तिला घेऊन आली. म्हणाली, "आत्या, नऊ महिने पोटात वागवला तेव्हा काय झालं नाही त्याला, हळदीनं काय होतंय?" सगळ्या हसल्या आणि ताण सैल झाला. आईने थरथरत्या बोटांनी लेकाच्या दोन्ही गालांना हळद लावली. तो फोटो जरा हललेला आहे. पण त्या घरात भिंतीवर तोच लावला आहे.

बंधूंनो, आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सासरे मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिले नाही. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्या बाईने होळकरांचे राज्य चालवले. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळाले. सातबारावर आपण अहिल्यानगर लिहायचे आणि घरातल्या विधवेला हळदीच्या वेळी आत बसवायचे, हा हिशेब जुळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे परिपत्रक काढले. हेरवाड काही शहर नव्हे, आपल्यासारखेच शेतकऱ्यांचे गाव आहे.

लग्न सकाळी लागले, दारात मांडव घालून, वाजंत्री लावून. अंतरपाटाचे एक टोक पुण्याहून आलेल्या मुलाने धरले होते. आधी तो जरा नाराज होता. साखरपुड्याला आलाही नव्हता. अक्षता पडल्यावर घरच्यांचा फोटो घ्यायचा म्हणून मी सगळ्यांना उभे केले. तेव्हा नवरीची मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, मी कुणाकडून उभी राहू?" मला उत्तर सुचेना. ते मित्राच्या आईने ऐकले. तिने पोरीला ओढून आपल्यापुढे उभे केले आणि म्हणाली, "इथं. माझ्याम्होरं." या वेळी आजी मधोमध होती आणि तिला कुणी बोलवावे लागले नव्हते.

आता दोन कामाच्या गोष्टी. लग्नाचा फोटो नुसता भिंतीसाठी नसतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी होते. ती लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. वयाचे पुरावे, लग्नाचा फोटो, तीन साक्षीदार आणि दुसरे लग्न असेल तर आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला, एवढे जवळ ठेवावे. दुसरी गोष्ट जमिनीची. विधवा मुलीचे लग्न करताना पुष्कळ घरे एकाच भीतीने अडतात, की पहिल्या घरचा हिस्सा जाईल. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पतीच्या मृत्यूनंतर वारसाने तिला मिळालेला हिस्सा पुनर्विवाहामुळे परत जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केले आहे. तरी फेरफाराची नोंद वेळेवर करून घ्यावी.

तुमच्या घरी पुढचे कार्य निघेल तेव्हा फोटो काढणाऱ्याला दोन शब्द सांगून ठेवा. मानपानाचे फोटो तो काढीलच. पण चुलीपुढे कोण आहे, दाराआड कोण उभे आहे, तेही त्याने पाहावे. आणि जी माउली "माझा नको" म्हणेल, तिला हाताला धरून पुढे आणायचे काम फोटोवाल्याचे नव्हे, घरच्यांचे आहे. निवडक फोटो कागदावर काढून घ्या आणि मागे तारीख व सर्वांची नावे लिहा. नातवंडांना त्यावरूनच कळेल, आपल्या घरात कोण कोण होते.