नुसतेच

आमच्या मिरजेच्या घराच्या किल्लीने तीन बिऱ्हाडे केली. सासूबाईंच्या काळी ती चांदीच्या छल्ल्यात त्यांच्या कमरेला असे. माझ्या काळी ती वायरच्या पिशवीच्या तळाशी, भाजीच्या खाली जाऊन बसली. आणि अगदी अखेरीस काही महिने ती एका हिरव्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या गोफाला लटकत होती. या तिसऱ्या बिऱ्हाडाचीच हकीकत सांगायची आहे. हकीकत लहान आहे. पण किल्लीही लहानच असते.

2023 चा उन्हाळा मी मुलाकडे अमेरिकेत काढला. न्यूयॉर्क राज्यात, ओंटारिओ सरोवराच्या काठी रॉचेस्टर म्हणून गाव आहे. आपल्या पिढीने ज्या कोडॅकच्या फिल्मवर लग्नाचे फोटो काढले, त्या कोडॅकचे हे गाव. माझी नऊ वर्षांची नात तिथे सुट्टीतल्या शिबिराला जात असे. आपल्याकडे मुले सुट्टीत आजोळी जातात, तिकडे ती शिबिराला जातात. एके दिवशी ती परतली ती दप्तरात रंगीबेरंगी चपट्या दोऱ्यांची भेंडोळी घेऊन. शेवयांपेक्षा रुंद, नाडीपेक्षा अरुंद, चकचकीत प्लॅस्टिकची ती लेस होती. हातपाय न धुता ती मागच्या पायरीवर बसली आणि विणू लागली.

मी विचारले, ‘‘काय करतेस गं?’’

‘‘कीचेन.’’

‘‘कशासाठी?’’

तिने मान वर न करता सांगितले, ‘‘नुसतंच.’’

हा शब्द तिच्याकडे कुठून आला ते मला ठाऊक होते. ताटात वरण वाढायला गेले की ती भातावर हात धरी आणि ‘‘नुसताच!’’ म्हणे. तिच्या मोजक्या मराठी शब्दांपैकी हा एक, आणि तो तिने आमटीपासून बचाव करण्यासाठी कमावलेला. पण त्या दिवशी पायरीवर तो शब्द ऐकला आणि मी थोडी चरकलेच. मला आणखी एक गंमत दिसली. त्या घराला किल्लीच नव्हती! दारावर आकड्यांची बटणे होती. चार आकडे दाबले की दार उघडायचे. ज्या घरात किल्ली नाही, त्या घरातली मुलगी किल्लीसाठी गोफ विणत होती.

आमच्या घरात काही म्हणजे काही नुसतेच केलेले मला आठवत नाही. क्रोशाचा रुमाल असे, पण तो रेडिओवर धूळ बसू नये म्हणून. जुन्या लुगड्यांची गोधडी थंडीसाठी. करदोटा, अनंताचा चौदा गाठींचा दोरा, श्रावणातले पोवते यांनाही कुणाचे तरी रक्षण करण्याचे काम लावून दिलेले असे. दोऱ्याने रिकामे बसायचे नाही, आणि तो वळणाऱ्या बाईने तर नाहीच नाही.

मी 1974 साली लग्न होऊन त्या घरात आले. यजमान शाळेत शिक्षक. पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पुरे. शेजारच्या एका बाईंनी मला वायरच्या पिशव्या विणायला शिकवले. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी पिशवी असेल. प्लॅस्टिकच्या वायरच्या चौकोनी चौकोनी गाठींची, दोन रंगांची, दोन मुठींची. पहिली पिशवी पुरी झाली तेव्हा मी ती सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी रंग पाहिला नाही की वीण पाहिली नाही. कोपऱ्यातला लाल भोपळा उचलून त्यांनी तो पिशवीत घातला, पिशवी दोनदा हिसडली आणि म्हणाल्या, ‘‘टिकेल.’’ एवढेच. पण दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीला दाखवायला घेऊन गेल्या.

पुढे मी त्या पिशव्या विकू लागले. दुपारी घर निजले की मी माजघरात बसून विणायची. बोटांच्या पेरांना घट्टे पडले. तीन वर्षांच्या त्या दुपारांतून आमच्या स्वयंपाकघरातली शेणाची जमीन जाऊन शहाबादी फरशी आली. फरशी बसली त्या दिवशी सासूबाईंनी कमरेचा छल्ला काढून माझ्या हातात दिला. मला कमरेला किल्ल्या खोचायची सवय नव्हती. छल्ला मी कपाटात ठेवला आणि किल्ली पिशवीत टाकली. 2018 साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा त्या जुन्या वायरच्या पिशवीकडे भाजीवाली कौतुकाने पाहू लागली. पिशवी तीच होती, मुठी तेवढ्या एकदा बदलल्या होत्या.

अशा घरातून गेलेल्या बाईला ‘नुसतंच’ हा शब्द पटकन पचणार कसा? तरीपण मी नातीच्या शेजारी पायरीवर बसले. बोटांना राहवेना, हे खरे कारण.

ती शिकवू लागली. दोन रंगांच्या दोन लेशी मधोमध एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवायच्या. म्हणजे चार दिशांना चार पदर होतात. हिरव्याची दोन्ही टोके उलटसुलट वळवून दोन कमानी करायच्या. मग पिवळ्याचे एक टोक पहिल्या कमानीवरून आणि दुसरीखालून न्यायचे, दुसरे टोक उलट बाजूने तसेच. चारी टोके सारख्या जोराने ओढली की मध्ये एक इवलीशी चौकट बसते. दोन घरे हिरवी, दोन पिवळी. तिच्यावर दुसरी चौकट, दुसरीवर तिसरी. मी दोन चौकटी पाहिल्या आणि हसू लागले. ही तर माझ्या पिशवीच्या गाठीची सख्खी बहीण! मी ती गाठ शेजारी शेजारी मांडून भिंत केली होती. ही पोर तीच एकीवर एक रचून खांब उभा करत होती.

पण ओळखीची गाठ म्हणून मी बेफिकीर राहिले आणि फसले. माझा खांब सरळ उभा राहीना. तो वळत वळत जिन्यासारखा वर जाऊ लागला. नातीने तो हातात घेऊन डॉक्टरासारखा तपासला.

‘‘आजी, तू क्रॉस केलंस. प्रत्येकाला आपल्या घरी परत पाठवायचं. तू शेजाऱ्याकडे पाठवलंस.’’

वाक्य अर्धे इंग्रजीत होते, पण नेमके होते. प्रत्येक पदर आपापल्या बाजूला परतला तर चौकोनी खांब होतो. तोच पदर तिरपा होऊन शेजारच्या बाजूला गेला, आणि प्रत्येक वेळी तसाच गेला, तर गोल, पिळाचा गोफ होतो. लेस तीच, गाठही तीच. फरक एवढाच, की पदर घरी येतो की पुढच्या दारी जातो. मी समोर पाहिले. माझा मुलगा अंगणातले गवत कापत होता. तो 1999 साली मिरजेहून निघाला होता.

मी माझा गोफ उसवायला घेतला. तेव्हा मला शाळेच्या संमेलनातला गोफ आठवला. वर रंगीत फिती बांधलेल्या असत. एकेकीच्या हातात एकेक. आम्ही मुली आतबाहेर नाचत जायच्या आणि डोक्यावर वेणी विणली जायची. मग उलट्या पावलांनी नाचायचे की ती आपोआप सुटायची. गोव्यात काणकोणकडे शिमग्यात गडी माणसे असाच गोफ विणतात आणि असाच सोडवतात. शेवटी प्रत्येकाच्या हातात आपली दोरी जशीच्या तशी, जणू काही घडलेच नाही. प्लॅस्टिकचे तसे नव्हते. मी उसवलेली लेस नागमोडी होऊन मांडीवर पडली. प्रत्येक गाठीच्या जागी एक बाक होता. ओढून पाहिले, तरी ती सरळ होईना. नात म्हणाली, ‘‘राहू दे. तशीच घे.’’

संध्याकाळी मुलाला हा सारा प्रकार सांगितला, तेव्हा त्याने एक मौजेची माहिती दिली. या गोफांना त्या भागात ‘बूनडॉगल’ म्हणतात, आणि हा शब्द रॉचेस्टरच्याच एका स्काउटमास्तराने रूढ केला असे सांगतात. त्या वेळी ते चामड्याच्या वादीचे असत. प्लॅस्टिक मागाहून आले. मग 1935 साली न्यूयॉर्क शहरात चौकशी झाली. मंदीचे दिवस होते. बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेत असले गोफ शिकवायलाही पैसे खर्च होतात असे उघडकीला आले. वर्तमानपत्रांनी ओरड केली आणि तेव्हापासून अमेरिकेत बूनडॉगल म्हणजे सरकारी पैशाने चाललेला निरुपयोगी उद्योग! पुढच्याच वर्षी खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांना भाषणात त्या शब्दाला उत्तर द्यावे लागले. फ्रान्समध्ये मात्र या गोफाचे नशीब बरे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथे साशा दिस्तेल या गायकाचे ‘स्कूबीदू’ हे गाणे गाजले आणि पोरांनी आपल्या गोफाला तेच नाव दिले. एका देशात गोफाची शिवी झाली, दुसऱ्या देशात गाण्याचा गोफ झाला.

मला त्या 1935 सालच्या बेकार माणसांचे वाईट वाटले. हाताला काम नाही म्हणून कुणी चार पदर हातात दिले असतील, आणि तेही लोकांच्या डोळ्यांवर आले. त्यांच्यातल्या कुणी भोपळा घालून दाखवला असता तर बहुधा ओरड झाली नसती.

हे बोलणे झाले त्याच रात्री मुलगा दुसऱ्या बोलण्यावर आला. मला तो विषय येणार हे ठाऊक होते. यजमान जाऊन सहा वर्षे झाली होती. मागची भिंत फुगली होती, पावसाळ्यात दोन खोल्या गळत. घराला गिऱ्हाईक होते. तो म्हणाला, ‘‘आई, तू म्हणशील तसं. पण तू तिथे एकटी असतेस आणि मला इथे रात्री झोप येत नाही.’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग ‘‘बघ तुला योग्य वाटेल तसं’’ म्हणाले. बायका होकार देतात तो बहुधा याच शब्दांत देतात.

मी निघायच्या आदल्या दिवशी नात माझ्या खोलीत आली. हातात हिरवा-पिवळा गोफ होता. दोन-दोन हात लेस घेतली होती तिने. त्याचे भरले जेमतेम चार बोटे. वरचा अर्धा भाग चौकोनी, खालचा अर्धा पिळाचा. टोकाला लोखंडी कडी.

‘‘हा तुझ्या घराच्या किल्लीसाठी. वरचं माझं, खालचं तुझं.’’

खालच्या भागासाठी तिने माझी ती उसवलेली, बाकदार लेसच वापरली होती. दारात मुलगा उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग तो जमिनीकडे पाहू लागला. मी सांगायला हवे होते. ‘‘बाळ, ते घर आता आपले राहणार नाही’’ एवढे एक वाक्य. मला ते जमले नाही. मी गोफ घेतला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘फार छान.’’ मी आयुष्यात थोडे खोटे बोलले असेन. पण न बोलून बोललेले ते खोटे मला विमानभर टोचत राहिले.

मिरजेला येऊन मी किल्ली त्या कडीत अडकवली. पिशवीच्या तळाशी हात घालून चाचपायचे कारण उरले नाही. गोफ चटकन बोटांना लागे. अंधारातसुद्धा कळे, हा चौकोनी भाग, हा पिळाचा. आठ महिने ती सोय मी उपभोगली.

2024 च्या अक्षय्य तृतीयेला नव्या मालकांना गृहप्रवेश करायचा होता. आदल्या दिवशी मी घर झाडून घेतले, फरशी पुसली आणि किल्ली द्यायला बसले. कडी फार घट्ट होती. किल्ली काढताना नख मोडले. ती तरुण मुलगी, नवी मालकीण, समोर उभी होती. म्हणाली, ‘‘राहू दे ना आजी, कीचेनसकट द्या. छान आहे.’’ मी एरवी दिला असता. या घरातली खुंटी, पाट, सारे काही मागे ठेवलेच होते. पण मी म्हटले, ‘‘नको, याचं काम वेगळं आहे.’’ काय काम, ते तिने विचारले नाही हे बरे झाले.

त्या रात्री भाड्याच्या दोन खोल्यांतून मी रॉचेस्टरला फोन लावला आणि नातीला बोलावले. सगळे सांगितले. घर दिले, किल्ली दिली. तिने गोफ दिला तेव्हाच मला हे माहीत होते, हेही सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तिने विचारले, ‘‘मग कीचेन?’’

‘‘माझ्याकडे आहे. पण त्याला लावायला आता काही नाही गं.’’

ती थोडी थांबली. मग मला समजावल्यासारखे म्हणाली, ‘‘इट्स ओके, आजी. नुसतंच ठेव.’’

या दोन खोल्यांच्या दाराला कुलूप आहे. त्याची किल्ली मी वायरच्या पिशवीत टाकते. गोफ उशाशी खिळ्याला असतो. त्याला काही लावलेले नाही.