कोप्रिव्श्तित्सा : व्यापाऱ्यांनी राखलेले गाव

बल्गेरियाची राजधानी सोफिया सोडून पूर्वेस सुमारे 110 किलोमीटर गेले, की स्रेद्ना गोरा पर्वताच्या कुशीत, तोपोल्नित्सा नदीकाठी कोप्रिव्श्तित्सा लागते. सरकारदरबारी ते नगर. पाहणाऱ्यास मात्र दगडी वाटांचे आणि लहान पुलांचे गावच वाटते. रेल्वेने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की स्थानक गावापासून बरेच दूर आहे.

येथील मोठी घरे बांधली ती व्यापाऱ्यांनी. मेंढ्या, लोकर आणि ‘अबा’ नावाचे जाड लोकरी कापड हा त्यांचा धंदा. ऑटोमन साम्राज्याच्या पेठांत, थेट इस्तंबूलपर्यंत त्यांची ये-जा असे. रस्त्याच्या अंगास उंच दगडी भिंत आणि भक्कम लाकडी दरवाजा. आत अंगण, आणि अंगणात निळ्या, पिवळ्या वा विटकरी रंगाचे घर. खाली दगडी जोते, वर पुढे आलेली लाकडी माडी. जुन्या पेढीवाल्यांच्या वाड्यात ज्याचे बालपण गेले, त्याला ही रीत परकी वाटणार नाही.

यांत नेन्चो ओस्लेकोव्ह या व्यापाऱ्याचे घर सर्वांत देखणे. 1853 ते 1856 या काळात ते उभे राहिले. खांबांवर तोललेला दर्शनी भाग रंगचित्रांनी भरलेला, आत कोरीव लाकडी छत, भिंतीलगत बैठकीचे ओटे. पण त्या ओट्यांपाशी थांबून 1876 सालाचा विचार केल्यावाचून पुढे जाववत नाही. ऑटोमन सत्तेविरुद्धच्या ‘एप्रिल उठावा’ची पहिली गोळी याच गावात सुटली. बंडकऱ्यांचे कपडे ओस्लेकोव्ह यांच्या घरी शिवले गेले, आणि उठाव चिरडल्यावर त्यांना फाशी झाली.

सूडाच्या त्या लाटेत बातकसारखी गावे उद्ध्वस्त झाली. कोप्रिव्श्तित्सा मात्र वाचले, कारण गावच्या धनिकांनी सोने मोजून ते सोडवून घेतले. अशा धनिकांना तिकडे ‘चोर्बाजी’ म्हणत. राष्ट्रीय इतिहासात या वर्गाविषयी आदराने क्वचितच बोलले जाते. सत्तेशी सलगी करणारे, असाच त्यांचा लौकिक. हा निवाडा मला अपुरा वाटतो. सलगी होतीच, आणि स्वतःची मालमत्ता राखण्याचा हेतूही असणार. परंतु त्या सोन्याने शेजाऱ्यांचीही छपरे वाचली. ज्याने प्राण दिले त्याचे घर आज आपण पाहतो, तेही ज्यांनी धन दिले त्यांच्यामुळे. दोघेही एकाच पेठेतले! गावात पुतळे आहेत ते पहिल्या प्रकारच्या माणसांचे.

सहा घरे आता संग्रहालये झाली आहेत. 1854 चे ल्युतोव्ह यांचे घर चुकवू नये. तेथील लोकरीचे जाड नमदे पाहून कापडाच्या धंद्यातील वाचकांचा हात आपोआप पुढे जाईल, तो आवरावा लागतो.

आहाराचे थोडे सांगतो. दही आणि पाव उत्तम. कोशिंबिरीत कांदा असतोच, तो आधीच नाकारावा. ‘सिरेने’ या पांढऱ्या चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते, म्हणून चौकशी केलेली बरी. जूनअखेरीस सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यास संग्रहालये बंद झाल्यावरही सावकाश जेवता येते.