मोगऱ्याचा उपास

संक्रांत झाली की आमच्या परसात मोगऱ्याचं पाणी तुटतं. तुळशीला, कडीपत्त्याला, गवती चहाला रोजच्यासारखं पाणी मिळतं. मोगऱ्याच्या आळ्याकडे मात्र कुणी तांब्याभरसुद्धा न्यायचं नाही. हा नियम आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, नियम अजून चालू आहे. लग्न होऊन साताऱ्याला आले त्या पहिल्याच थंडीत त्यांनी मला बजावलं होतं, "सूनबाई, त्याचा उपास चाललाय. मधेच पाणी पाजून मोडू नकोस."

मी वाढले दोन खोल्यांच्या चाळीत. खिडकीतल्या डब्यात एक तुळस, एवढीच आमची बाग. झाडाला उपास घडवतात हे मला पहिल्यांदा कळत होतं, आणि खरं सांगायचं तर ते पाहवत नव्हतं. पंधरा-वीस दिवसांत मोगऱ्याची पानं निस्तेज होतात, मग पिवळी पडून गळायला लागतात. अजिंक्यताऱ्याकडून दुपारचा कोरडा वारा सुटतो, त्यात उरलीसुरली पानंही झडतात. माघात आत्याबाई कात्री घेऊन यायच्या आणि गुडघ्याएवढ्या खुंटांपर्यंत सगळं कापून टाकायच्या. वाळक्या काड्या, आत वळलेल्या फांद्या, काहीच ठेवायच्या नाहीत. मग आळं खुरप्यानं हलकेच उकरून वरवरची मुळं उघडी करायची, त्यांना दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्यायचं. त्यानंतर पाटीभर चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, वर माती, आणि आळं तुडुंब भरेल इतकं पाणी. हे मोगऱ्याचं पारणं.

पुढचे आठ-दहा दिवस काही दिसत नाही. मग एके सकाळी खुंटांवरचे डोळे फुगलेले असतात. बघता बघता पोपटी धुमारे येतात आणि पाडव्याला गुढी उभारायच्या वेळेस प्रत्येक धुमाऱ्याच्या शेंड्याला कळी धरलेली असते. मोगऱ्याचं फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, जुन्या लाकडावर येत नाही. जितके धुमारे जास्त तितकी फुलं जास्त. आत्याबाईंच्या कात्रीला दयामाया नव्हती त्याचं कारण हे.

उपासाचं कारण मला फलटणला समजलं. आमच्या चुलत सासऱ्यांची तिथे डाळिंबाची बाग होती. बहार धरायचा म्हणून ते बागेचं पाणी तोडायचे, झाडाची पानं गळू द्यायचे आणि ठरल्या दिवशी पाणी सोडायचे. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार ही सगळी गणितं या ताणावर उभी असतात. लिंबाला, संत्र्यालाही हेच करतात. पाणी तुटलं की झाडाचा नवी पानं काढण्याचा उद्योग थांबतो, तयार केलेलं अन्न फांद्यांत साठून राहतं, आणि पाणी मिळाल्यावर ते फुलांच्या रूपानं बाहेर येतं. काका हे शेताच्या बांधावर उभं राहून सांगत होते आणि मला आमचा मोगरा आठवत होता. शाळेची पायरी न चढलेल्या आत्याबाई परसात तीच शेती करत होत्या.

आपल्याकडचा वसंत हा असा आहे. जानेवारीत रोपवाटिकेत गेलं की पिटुनिया, पॅन्सी, डेलियाच्या रंगीत कुंड्या मांडलेल्या असतात. लोक हौसेनं नेतात, मीही नेल्या आहेत. ती थंडीची फुलं आहेत, देखणी आहेत. पण मार्चचं ऊन तापलं की त्यांचा मुक्काम संपतो. आणि नेमकं त्याच उन्हात आमच्या परसात खरी गडबड सुरू होते. कुंद माघात फुलून दमलेला असतो. कडीपत्त्याला पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात आणि त्यांवर दिवसभर मधमाश्या असतात. शेजारच्या कडुलिंबाचा मोहर आमच्या अंगणात झडतो. पाडव्याची चटणी वाटताना मी कोवळ्या पानांबरोबर तो मोहरही घेते. कुंपणावरची बोगनवेल पाण्यावाचून रणरणत्या उन्हात उभी असते आणि तीच सगळ्यांत जास्त रंगलेली असते. तिच्यात डोकावून बघावं: आपण ज्यांना फुलं म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरी फुलं आत मधोमध, पांढुरकी आणि इवलीशी. उन्हाळ्याला शिव्या देणाऱ्या माणसांनी चैत्रात एकदा कुणाच्या तरी परसात जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं. हा बहर त्या उन्हाशिवाय यायचा नाही.

मोगऱ्याला कळ्या बहुधा तिनाच्या झुबक्यात येतात. मधली आधी मोठी होते, बाजूच्या दोघी मागून. कळी टपोरी, पांढरीशुभ्र झाली की ती त्या संध्याकाळी उमलणार. म्हणून खुडायची वेळ दुपारी चारची. ओल्या फडक्यात ठेवलेल्या कळ्या दिवेलागणीला उघडू लागतात आणि स्वयंपाकघरापर्यंत वास येतो. झाडावर राहिलेली फुलं अंधार पडला की सगळी उमलतात. त्यांच्यावर पतंग येतात, त्यांना वासावरूनच वाट सापडते. दुसऱ्या दिवशी त्याच पाकळ्यांवर गुलाबी-जांभळी छटा चढलेली असते. कधी कळ्या उमलायच्या आधीच जांभळ्या पडतात, ते मात्र वाईट लक्षण: आत बारीक अळी असते. अशा कळ्या तोडून परसाबाहेर नष्ट करायच्या, झाडाखाली टाकायच्या नाहीत.

चैत्रगौर बसली की आमच्याकडची फुलं गल्लीभर जातात. तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कुठल्या ना कुठल्या घरी हळदीकुंकू असतंच. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि हातावर मोगऱ्याची दोन फुलं. आत्याबाई गजरा सुईनं ओवत नसत. केळीच्या सोपाचा धागा ओला करून त्यात कळ्यांच्या देठांना पीळ देत गुंफायच्या. सुई लागली की कळी लवकर काळी पडते असं त्यांचं म्हणणं. चार-पाच फुलं माठात टाकायच्या. ते पाणी पाहुण्यांना द्यायच्या आणि पाहुण्यानं पहिला घोट घेईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

माझी लेक पुण्यात सातव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतल्या मोगऱ्याचं दुखणं ती मला फोनवर सांगायची, "आई, पानं बघ कशी गच्च आलीयेत, पण कळी म्हणून नाही." ती रोज पाणी घालायची, आठवड्याला विकतचं खत घालायची, आणि कुंडी ठेवली होती भिंतीच्या सावलीत. झाड खाऊन-पिऊन पानांतच सुखी होतं. मी तिला कुंडी पश्चिमेच्या कठड्याशी, जिथे पाच-सहा तास ऊन येतं तिथे, हलवायला लावली. खत बंद केलं. कुंडीत माती कमी, ती लवकर सुकते, म्हणून कुंडीला जमिनीतल्या झाडासारखा लांबलचक उपास सोसत नाही. पानं माना टाकायला लागली की पुरे. मग कात्री. "मरेल गं ते," ती व्हिडिओ कॉलवर कात्री हातात घेऊन म्हणाली. मी म्हटलं, "काप." ती कापेपर्यंत मी फोन ठेवला नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिनं फोटो पाठवला. तीन कळ्या, मधली मोठी.

तिचा मोगरा दुकानातून आणलेला आहे. आमचा आत्याबाईंनी कऱ्हाडच्या माहेराहून आणला, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात. आमचा बटमोगरा आहे, पाकळ्यांवर पाकळ्या असलेला, आणि असा मोगरा सहसा बी धरत नाही. तो वाढतो फांदीवरून. श्रावणात जमिनीलगतची एक फांदी वाकवायची, पेराशी थोडी खाप द्यायची, तेवढा भाग मातीत पुरून वर दगड ठेवायचा. दीड-दोन महिन्यांत मुळं फुटतात. दसऱ्याच्या सुमारास मूळ झाडापासून तोडून वेगळी लावायची. म्हणजे कऱ्हाडच्या त्या वाड्यातला मोगरा आणि आमच्या परसातला मोगरा हे एकच झाड आहे, फक्त जागा बदलत आलेलं. फिलिपिन्सनं १९३४ साली मोगऱ्याला राष्ट्रीय फूल केलं, तिथे त्याला सांपागिता म्हणतात. आपल्याकडच्या मातीतलं हे झाड समुद्रापार गेलं तेही कुणीतरी ओली फांदी सांभाळून नेली असेल म्हणूनच, असं मी धरून चालते.

आमच्या गल्लीत आता जुनी घरं पडून इमारती होत आहेत. परस जातात, त्यांच्याबरोबर अनंत, कवठी चाफा, जाई-जुईचे मांडव जातात. ते वाचवणं माझ्या हातात नाही. फांद्या दाबणं आहे. गेल्या श्रावणात मी शेजारच्या तीन घरांसाठी फांद्या दाबल्या, एक लेकीसाठी. तिची फांदी दसऱ्याला एसटीनं, ओल्या गोणपाटात बांधून, मीच पुण्याला घेऊन गेले. तिच्या कठड्याशी आता दोन कुंड्या आहेत.

तुमच्या ओळखीच्या कुणाच्या परसात जुना मोगरा असेल तर या श्रावणात एक फांदी मागून घ्या; मोगरेवाली माणसं नाही म्हणत नाहीत. आणि तुमच्या कुंडीतला मोगरा नुसता पानांनी भरला असेल, तर संक्रांतीनंतर त्याचं पाणी तोडा आणि माघात न घाबरता कात्री चालवा.