पहिलं नाव कोणाचं?

२३ जुलै २०१७ हा रविवार मला दोन कारणांसाठी आठवतो. पहिलं कारण सगळ्या देशाला आठवतं. लॉर्ड्सवर महिला वर्ल्ड कपची फायनल होती आणि हातात आलेली मॅच आपण फक्त ९ रन्सनी घालवली. दुसरं कारण आमच्या मीरा रोडच्या वन बीएचकेच्या बाहेर कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी दुपारी मी माझ्या सख्ख्या भावाला एक वाक्य बोलले. आजही ते आठवलं की हातातला चहा गार होतो.

सुरुवातीपासून सांगते. आमच्या घरात क्रिकेट आईचं आणि फुटबॉल दादाचा. मी दादाच्या पार्टीतली. तो भाईंदर वेस्टच्या सुभाषचंद्र बोस मैदानावर खेळायला जायचा, तेव्हा त्याची पाण्याची बाटली आणि चपला सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं. पुढे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, मुंबई सिटीची टीम आली आणि आमचं घर निळं झालं. पहिले दोन सीझन मॅचेस नेरूळच्या डी. वाय. पाटीलला व्हायच्या. मीरा रोडहून तिथे जाणं म्हणजे जवळपास परगावी जाणंच! २०१६ मध्ये टीम अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये आली आणि आमचे दिवस फिरले. मीरा रोडहून स्लो ट्रेन, अंधेरीला मेट्रो, आझाद नगरला उतरायचं आणि चालत पाच-दहा मिनिटांत गेटवर. त्याच वर्षी टीम लीग टेबलमध्ये पहिली आली. दिएगो फोर्लान आमच्या शहरात, आमच्या जर्सीत खेळत होता. सेमी फायनलला कोलकात्याने घात केला, तो विषय मात्र नको.

तर २०१७. लीगमध्ये बेंगळुरू आणि जमशेदपूर अशा दोन नव्या टीम्स आल्या. बेंगळुरू आली म्हणजे सुनील छेत्री आपल्या घरी परत जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. २०१५ च्या लिलावात मुंबईने त्याला १ कोटी २० लाखांना घेतलं होतं. त्याच सीझनमध्ये नॉर्थईस्टविरुद्ध त्याने हॅटट्रिक मारली. आयएसएलमध्ये भारतीय खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. त्या रात्री दादा घरी आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता आणि आईने त्याला हळद-दूध दिलं होतं. आता छेत्री जाणार आणि त्याची जागा रिकामी. ती भरायची कुणी?

त्यासाठी ड्राफ्ट. ज्यांना फक्त आयपीएलचा लिलाव माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, यात हातोडा नसतो आणि बोलीही नसते. दोनशेच्या वर खेळाडूंची यादी, प्रत्येकाची किंमत आधीच ठरलेली. क्लबांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं. आपली पाळी येईपर्यंत हवा तो खेळाडू दुसऱ्याने उचलला, तर गप्प बसून यादीतलं पुढचं नाव शोधायचं. लहानपणी मैदानावर दोन कॅप्टन उभे राहून ‘हा माझा, तो तुझा’ करायचे ना, अगदी तेच. फक्त इथे खेळाडूंच्या नावापुढे लाखांचे आकडे. मुंबईने गोलकीपर अमरिंदर सिंग आणि मिडफिल्डर सेहनाज सिंग यांना आधीच ठेवून घेतलं होतं. त्यामुळे पहिली पाळी नव्या जमशेदपूरची. आम्ही मागे.

ड्राफ्ट मुंबईतच होता आणि आमचा ड्राफ्ट आमच्या हॉलमध्ये. सकाळी दहापासून मंडळी जमायला लागली. बाहेर पाऊस कोसळत होता. दादाच्या मैदानावरचे दोघं, शांती नगरमधला मोहन बागानवाला बाबूमोशाय, नया नगरमधला एक लेफ्ट बॅक आणि आमच्याच बिल्डिंगमधला मल्याळी चेट्टा. आईने भला मोठा टोप भरून पोहे केले आणि जाहीर केलं, “तीन वाजता टीव्ही माझा. माझ्या मुली खेळतायत लॉर्ड्सवर.” कुणाची हिंमत नव्हती नाही म्हणायची.

गंमत म्हणजे त्या महिन्यात आमचं सगळं गावच ड्राफ्टमध्ये होतं. २० ऑगस्टला मीरा-भाईंदर महापालिकेचं मतदान होतं. रिक्षा स्टँडवर, डेअरीवर, लिफ्टमध्ये एकच चर्चा, तिकीट कुणाला? अमक्याला मिळालं तर तमका बंड करणार. आमच्याकडे तोच प्रश्न, फक्त बूट स्टडवाले.

“पहिलं नाव अनासचं,” चेट्टाने पोह्याचा पहिला घास घेतानाच सांगून टाकलं. अनास एडथोडिका, मल्लपुरमचा सेंटर बॅक. “तुमच्या मुंबई एफसीनेच त्याला मोठं केलं. चार वर्षं इथे खेळला. परत आणा की!”

खरं होतं ते. अनासची व्यावसायिक सुरुवात मुंबई एफसीतून झाली. तोच मुंबई एफसी, जो त्याच २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला.

“डिफेंडर काय करायचाय?” दादा म्हणाला. “गोल कोण मारणार? छेत्री गेला. पहिलं नाव स्ट्रायकरचंच. बलवंत सिंग.”

बलवंत बागानकडून खेळलेला, त्यामुळे बाबूमोशाय लगेच खूश. नया नगरवाला म्हणाला, “राजू गायकवाड घ्या. लांब थ्रो-इन टाकतो, साइडलाइनवरून थेट बॉक्समध्ये. कॉर्नर मिळाल्यासारखंच. शिवाय आपला माणूस.”

‘आपला माणूस’ म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. आपला माणूस म्हणजे कोण? मुंबईत जन्मलेला, मराठी बोलणारा, का निळ्या जर्सीत घाम गाळणारा? फोर्लान आपला नव्हता का? आणि छेत्री कुठला मुंबईचा? हॉलमध्ये सहा माणसं आणि नऊ मतं! तेवढ्यात फोनवर बातमी आली. जमशेदपूरने पहिलंच नाव उचललं होतं, अनास एडथोडिका, १ कोटी १० लाख. चेट्टाने कपाळावर हात मारला.

आता थोडं माझ्याबद्दल. मी तेव्हा मालाडच्या एका कंपनीत एचआरला होते. दिवसाला साठ-सत्तर सीव्ही बघायचे, त्यातले पाच ठेवायचे. मला वाटायचं की निवड म्हणजे काय ते या हॉलमध्ये फक्त मलाच कळतं. म्हणून मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते तशी बोलायला लागले. गरज काय, बजेट काय, वय काय, रिस्क किती. “पहिली निवड भावनेने करायची नसते,” मी म्हटलं. “आधी गोलकीपरचा बॅकअप बघा, मग डिफेन्स. स्ट्रायकर परदेशी मिळतोच.”

“कागदावर बघून टीम होत नाही,” दादा म्हणाला. “मैदानावर उभं राहावं लागतं. तुला काय माहीत?”

पाच जणांसमोर ‘तुला काय माहीत’ म्हटलेलं मला झोंबलं. मी पटकन बोलून गेले, “आणि तुला काय माहीत? तुझं नाव कधी कुठल्या यादीत आलं होतं?”

हॉलमध्ये एकदम शांतता. फक्त बाहेरचा पाऊस आणि किचनमधली कुकरची शिट्टी. दादा काही बोलला नाही. त्याने पोह्याची डिश उचलली, सिंकमध्ये ठेवली आणि छत्री न घेता खाली निघून गेला.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? मला माहीत होतं, म्हणूनच तर मी ते बोलले होते. दादा अठरा वर्षांचा असताना शहरातल्या एका क्लबची ट्रायल झाली होती. तीन दिवसांची. तिन्ही दिवस तो पहाटेची लोकल पकडून गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला, बूट बाल्कनीत ठेवले आणि जेवून झोपला. निवड झाली नाही एवढंच आम्हाला कळलं. पुढच्या वर्षी तो नोकरीला लागला. बूट मात्र आईने कधी टाकू दिले नाहीत.

तीन वाजता टीव्ही आईच्या ताब्यात गेला. पाहुणे एकेक करून पांगले. चेट्टा तेवढा आईसोबत बसला. सांगलीची स्मृती मानधना शून्यावर गेली, मग मुंबईची पूनम राऊत उभी राहिली आणि ८६ काढून गेली. २२९ चं टार्गेट, ३ बाद १९१ होते. आई देवासमोर साखर ठेवून आली आणि तिथून सगळं घसरलं. ॲन्या श्रबसोलने सहा विकेट्स घेतल्या. दादा परत आला तेव्हा शेवटच्या ओव्हर्स चालू होत्या. तो भिजलेलाच दारात उभा राहिला. २१९ ला सगळे आऊट. आई डोळे पुसत म्हणाली, “हरल्या म्हणून काय झालं, इथवर आल्या ना माझ्या पोरी.” मग दादाकडे टॉवेल फेकत म्हणाली, “तू पण पूस.”

रात्री मी बाल्कनीत त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. सॉरी म्हणायला शब्द सापडत नव्हता. शेवटी म्हटलं, “दादा, चुकलं माझं.”

बराच वेळ तो समोरच्या बिल्डिंगकडे बघत होता. मग म्हणाला, “नाव आलं नाही याचं वाईट नव्हतं वाटलं गं. शेवटच्या दिवशी तीस-एक जण उरलो होतो. कोच यादी वाचत होते. एकेक नाव, तो मुलगा पुढे जायचा. मी मोजत होतो. अठरा झाली, एकोणीस झाली. वीस नावं वाचून त्यांनी कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि जे पुढे गेले त्यांना घेऊन निघाले. आम्ही दहा जण तिथेच उभे. जा म्हणूनसुद्धा कुणी सांगितलं नाही. पंधरा मिनिटांनी माळी आला आणि म्हणाला, पाणी मारायचंय, बाजूला व्हा.”

मग स्वतःच हसला. “कोचची चूक नव्हती. तो वीस जणांचाच होता. पण नाही घेतलं, एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवसाला साठ-सत्तर सीव्ही, त्यातले पाच. उरलेल्यांचं काय करायचे मी? काहीच नाही. कागदाची घडी करून खिशात टाकायचे. इंटरव्ह्यूला येऊन गेलेल्यांनाही ‘कळवतो’ म्हणायचे आणि कधीच कळवायचे नाही. माझ्यामुळे किती जण कुठे उभे असतील, माळी येईपर्यंत?

सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी दोन ओळींची मेल तयार केली. ‘या वेळी तुमची निवड होऊ शकली नाही. वेळ काढून आलात त्याबद्दल आभार.’ बॉस म्हणाला, “एवढा वेळ आहे का आपल्याकडे?” मी म्हटलं, लंच टाइममध्ये करीन. पहिल्याच आठवड्यात एका मुलीचं उत्तर आलं, ‘थँक यू मॅम. आता दुसरीकडे जॉइन होते. तुमच्यासाठी थांबले होते.’ एवढंच. ते वाचून मी वॉशरूममध्ये जाऊन आले.

आता ड्राफ्टचं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर फुटबॉलवाले वाचक मला सोडणार नाहीत. बलवंत सिंग मुंबईला मिळाला आणि राजू गायकवाडही. म्हणजे दादा आणि नया नगरवाला, दोघंही जिंकले. नोव्हेंबरमध्ये अंधेरीला गोव्याविरुद्धची मॅच आम्ही २-१ अशी मारली. येताना ट्रेनमध्ये दादाचा आवाज पुन्हा बसलेला. सीझन मात्र यथातथाच गेला. आम्ही सातवे आलो. एवढा वाद घालून सातवे!

तो आयएसएलचा शेवटचा ड्राफ्ट ठरला. त्यानंतर क्लब थेट करार करायला लागले. मार्च २०२१ मध्ये मुंबई सिटी पहिल्यांदा चॅम्पियन झाली, तेव्हा ९० व्या मिनिटाला विजयी गोल मारला बिपिन सिंगने. २०१७ च्या त्या रविवारी आमच्या हॉलमधल्या नऊ मतांत त्याचं नाव एकदाही आलं नव्हतं.

त्या रात्री बाल्कनीतून आत येताना दादाने आणखी एक नाव घेतलं होतं, खालिद जमीलचं. मुंबई एफसीचा अनेक वर्षांचा कोच. २०१६ मध्ये तो तिथून बाहेर पडला, ऐजॉलला गेला आणि एप्रिल २०१७ मध्ये त्या छोट्याशा टीमला आय-लीग जिंकून दिली. “बघ,” दादा म्हणाला होता, “इथून गेला म्हणून संपला नाही.” २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारताचा कोच झाला, त्या दिवशी दादाचा मला फक्त एका शब्दाचा मेसेज आला. ‘बघ.’

दादा आता रविवारी सकाळी बोस मैदानावर आसपासच्या पोरांना खेळवतो. मागच्या महिन्यात मी सहज गेले होते. दोन टीम पाडायच्या होत्या. दोन कॅप्टन पुढे आले आणि नेहमीची ओरडाआरड सुरू झाली, पहिलं नाव कुणाचं, पहिलं नाव कुणाचं! दादाने शिट्टी मारून सगळ्यांना गप्प केलं आणि रांगेत अगदी मागे उभ्या असलेल्या, चष्म्याला इलॅस्टिक बांधलेल्या बारक्याला पुढे बोलावलं. “आज कॅप्टन हा,” तो म्हणाला.

बारक्याने एकदा सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. खूप वेळ घेतला त्याने. मी माझ्या पायाशी ठेवलेल्या चपलांवर लक्ष ठेवून होते. दादाच्या चपला, अजूनही.