दंड आणि रफू

लुगडे मध्ये विरले की तो भाग कापून उरलेले तुकडे जोडत. त्याला दंड घालणे म्हणत. आम्ही दोघी बहिणी हा शब्द वर्षानुवर्षे वर्गात समजावत आलो (विद्यार्थ्यांना दंड म्हणजे शिक्षाच वाटते). हाती सुई मात्र आई गेल्यावर, तिच्या शालीला कसर लागल्यावर आली.

उल्हासनगर ही 1949 साली नाव मिळालेली निर्वासितांची वसाहत. तिथे नव्याकोऱ्या जीन्स फाटक्या करून टांगतात. त्याच बाजारात एका वृद्ध रफूगरांनी शिकवले : शालीच्याच काठातला धागा उपसावा, आधी उभे धागे भरावेत, मग आडवे, एकाआड एक; ओढू नये. आम्ही ओढले. लोकर गोळा झाली. त्यांनी निमूटपणे उसवून सुई परत दिली.

संध्याकाळी बदलापूरला परतलो तेव्हा एक भोक भरले होते. अजून चार आहेत.