वडिलांचा चाकू

आमच्या मेजाच्या खणात वडिलांचा घडीचा चाकू आहे. पाते जेमतेम तीन इंचांचे, मूठ शिंगाची. पेन्सिलीस टोक करावे, आंब्याच्या फोडी कराव्या, पोस्टाने आलेल्या पुडक्याची सुतळी तोडावी, एवढाच त्याचा पराक्रम! वडील तो सदैव सदऱ्याच्या खिशात बाळगीत. सुतारकामाचा छंद असलेल्या आमच्या पुतण्याने न्यूयॉर्कहून येऊन आजोबांची आठवण म्हणून तो मागितला, तेव्हा आम्हांस प्रथमच प्रश्न पडला: हे अवजार की हत्यार?

आपल्याकडे 1959 च्या शस्त्रविषयक कायद्याने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या. 1962 च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत घातले खरे; परंतु घर, शेती, शास्त्र व उद्योग यांसाठी घडविलेली पाती त्यांतही सोडून दिली. स्वयंपाकघरातली विळी आणि उसाच्या फडातला कोयता निर्दोष ठरले, ते त्यांच्या कामामुळे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा न्याय निराळा. कॅलिफोर्नियात कट्यारीसारखे न मिटणारे पाते लपविणे हा गुन्हा. ते म्यानात घालून कमरेस उघड लटकवावे. न्यूयॉर्क शहरात याच्या उलट, चाकू उघडा दिसणे हाच सामान्यतः अपराध, आणि चार इंचांचे पाते रस्त्यावर नेण्यासही मनाई. कामधंद्यासाठी मात्र सवलत. त्याच राज्यात मनगटाच्या झटक्याने उघडून अडकून राहणारा चाकू 2019 पर्यंत बेकायदा होता. दुकानात राजरोस विकत घेतलेला घडीचा चाकू शिपायाने झटकून पाहावा आणि उघडला की मालकास पकडावे! झटका शिपायाचा, गुन्हा मात्र कारागिराचा. असे हजारो लोक पकडले गेले. त्यांत कृष्णवर्णीय व लॅटिन वंशीयच बहुसंख्य होते. अखेर मे 2019 मध्ये ती बंदी उठली.

कायद्यास माप हवे, हे आम्हांस मान्य आहे. सुऱ्याने माणसे मरतातच. परंतु काम न पाहता केवळ पाते पाहिले, की पुढे पाहणाऱ्याची नजर माणसाच्या वर्णावर जाते.

आमचा पुतण्या सावळा आहे. चाकू आम्ही त्यास दिला. विमानात तो सामानाच्या पेटीतच ठेवावा, हे त्यास ठाऊक होते. आम्ही एवढेच सांगितले, "बाबा रे, हा हत्यारांच्या पेटीत ठेव. खिशात बाळगू नकोस."

सांगताना आजोबांचा सदरा डोळ्यांपुढे आला, आणि आमचेच बोलणे आम्हांस बोचले.